जात बदलण्याआधी तांबूची धार थांबवा

एका ताईंचं पत्र आलं आहे. वडिलांनंतर दोन वर्षं त्या एकट्या गोठा सांभाळतात. सहा गायी आहेत, सगळ्या होल्स्टिन संकर. दूध देणाऱ्या गायींची सरासरी दिवसाला नऊ-दहा लिटरच्या पुढे सरकत नाही. दोन गायींना मागच्या सडात पुन्हा पुन्हा दगडी, म्हणजे कासेचा दाह, होते. एक गाय विऊन सात महिने झाले, चार वेळा रेतन केलं, चारही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. तांबू नावाची गाय मागच्या वेळी व्याल्यावर दुसऱ्या दिवशी खाली बसली ती उठेना. सलाइनमधून कॅल्शियम दिल्यावर उभी राहिली. ताई लिहितात, ‘तांबू आता साडेसात महिन्यांची गाभण आहे, अजून चार लिटर देते. सगळे म्हणतात, या सहा गायी काढून टाक आणि तीस लिटरच्या तीन आण. होल्स्टिन घेऊ, जर्सी घेऊ, की गीर-साहिवालकडे वळू? तुम्ही सांगाल तेच करीन.’

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न जातीचा विचारलात, त्याचं उत्तर देणारच आहे. पण तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आधी. तांबू साडेसात महिन्यांची गाभण आहे आणि अजून तिची धार काढताय. गायीचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. म्हणजे तिला विण्याला जेमतेम पन्नास-बावन्न दिवस उरलेत. तिची धार थांबवायला आजच सुरुवात करा. आजचं चार लिटर दूध सोडायला जीवावर येतं हे मला कळतं. पण कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशींना झिजलेल्या पेशी टाकून नव्या बनवायला हाच काळ लागतो. विण्याआधीचा हा बिनदुधाचा भाकडकाळ ४५ ते ६० दिवसांचा हवा. तो मिळाला नाही तर पुढच्या अख्ख्या वेतात, म्हणजे विल्यानंतरच्या दुधाच्या काळात, त्याची वसुली होते.

आटवायचं कसं? हळूहळू, एक वेळ धार, मग दिवसाआड, असं बरेच जण करतात. चार लिटरवर आलेल्या गायीला त्याची गरज नाही. दोन-तीन दिवस आंबोण (पेंड-भरड्याचं खाद्य) बंद करा, फक्त सुका चारा आणि पाणी द्या, आणि मग एका धारेला कास पूर्ण रिकामी करून थांबा. कासेत दूध साठून जो ताण येतो, तोच तिला दूध बनवणं बंद करायला सांगतो. मध्येच दया येऊन थोडं पिळलंत तर सगळं मुसळ केरात. शेवटच्या धारेनंतर पशुवैद्यकांकडून चारही सडांत भाकडकाळासाठीची औषधी ट्यूब सोडून घ्या, कारण कासेत दडलेला संसर्ग बरा करायला याहून चांगली वेळ वर्षात दुसरी नाही. पुढचे दोन आठवडे कास रोज नजरेखालून घाला. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर घाबरू नका, दूध आपोआप जिरतं. एकच सड लाल, गरम, दुखरा झाला तर मात्र लगेच दाखवा.

आता जातीकडे वळू.

होल्स्टिन फ्रिजियन मूळची नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या थंड, गवताळ पट्ट्यातली. पूर्ण वाढलेली गाय ६००-७०० किलोची. उत्तम व्यवस्थापनात ती एका वेतात ८,००० ते १०,००० लिटर देते, फॅट साधारण ३.५ टक्क्यांच्या आसपास. पण हे शरीर थंडीसाठी घडलेलं आहे. तापमान २५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की ती धापायला लागते, चारा कमी खाते, दूध उतरतं आणि माजही नीट दाखवत नाही. हवा दमट असेल तर याहूनही लवकर. जर्सी इंग्लिश खाडीतल्या छोट्या जर्सी बेटावरची, ४००-४५० किलोची. दूध कमी, पण फॅट ५ टक्क्यांच्या घरात. वासरू पंचवीसेक किलोचं, म्हणून विणं सोपं. उष्णताही होल्स्टिनपेक्षा बरी सोसते. मात्र तांबूला झाला तो दुग्धज्वर जर्सीत जास्त आढळतो, हे लक्षात असू द्या.

गीर सौराष्ट्रातली, साहिवाल पंजाबातली. वशिंड, गळ्याखालची लोंबती पोळी, सैल कातडी, जास्त कार्यक्षम घामग्रंथी. सगळं शरीरच उष्णता बाहेर टाकण्यासाठी. गोचिडांना आणि त्यांच्यातून येणाऱ्या आजारांना त्या बऱ्याच अंशी तोंड देतात. चांगल्या निवडलेल्या गायी एका वेतात २,००० ते ३,००० लिटर देतात, फॅट ४.५ टक्क्यांच्या आसपास. ब्राझीलने गीर गायी नेऊन पिढ्यानपिढ्या दुधासाठी निवड केली आणि होल्स्टिनशी संकर करून गिरोलांडो ही जात उभी केली. तिच्यात होल्स्टिनचा वाटा ५/८ आणि गीरचा ३/८. हा आकडा मुद्दाम सांगतोय. उष्ण प्रदेशात शंभर टक्के होल्स्टिनकडे पळण्यापेक्षा दोन्ही रक्तांचा तोल सांभाळणं त्यांना फायद्याचं वाटलं. तुमच्या संकरित गायींतही हा तोल आहे. तो टाकाऊ माल नाही.

तीस लिटरची गाय तीस लिटर देते ती तिला तसं खाणं, सावली, पाणी आणि माणसाचं लक्ष मिळतं म्हणून. जात फक्त वरची मर्यादा ठरवते. तुमच्या गोठ्यात आज दूध अडलंय ते त्या मर्यादेमुळे नाही. दगडी होतेय, गाय उलटतेय, विल्यावर गाय बसतेय, हे तिन्ही आजार तीस लिटरच्या गायीला अधिक जोरात होतात, कारण तिच्या शरीरावर ताणच जास्त असतो. त्याच गोठ्यात, त्याच पद्धतीने त्या तीन गायी आणल्यात तर वर्षभरात मला याहून दुःखी पत्र येईल.

एक हिशेब मांडून बघा. गायीचं सर्वाधिक दूध विल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी येतं. त्या आकड्याला २०० ने गुणलं की वेताचं एकूण दूध साधारण कळतं, असा गोठ्यातला जुना ठोकताळा आहे. एक गाय कळसाला २४ लिटर देते, पण गाभण राहायला वेळ लावते आणि दोन वेतांत १८ महिन्यांचं अंतर पडतं. लांबलेल्या वेतासकट तिचं दूध ५,००० लिटर धरलं, तर ५५० दिवसांना वाटल्यावर दिवसाला ९.१ लिटर पडतं. दुसरी कळसाला १८ लिटरच देते, पण १३ महिन्यांनी विते. तिचे ३,६०० लिटर ३९५ दिवसांत, म्हणजे दिवसाला तेही ९.१ लिटरच. शिवाय तिचा चारा कमी आणि वासरं जास्त. माणसं विचारतात, ‘किती लिटरची गाय?’ विचारायला हवं, ‘विऊन किती दिवस झाले आणि पुन्हा गाभण कधी राहिली?’ तुमच्या पत्रात सहापैकी एकाच गायीची ही तारीख आहे. एक वही घाला. प्रत्येक गायीला एक पान: विल्याची तारीख, माजाच्या सगळ्या तारखा, रेतन, आजार, औषध, आणि दर पंधरवड्याला एकदा मोजलेलं दूध.

हीच वही उलटणाऱ्या गायीला सोडवेल. माज दर २१ दिवसांनी येतो आणि १२ ते १८ तासच टिकतो, तोही पुष्कळदा रात्री. दुसरी गाय अंगावर चढली तरी ही स्थिर उभी राहते, हीच माजाची खरी खूण. हंबरणं, सोट (योनीतला चिकट स्राव) टाकणं, दूध कमी होणं या आधाराच्या खुणा. पहाटे आणि रात्री, गोठा शांत असताना, वीस-वीस मिनिटं नुसतं बघत बसा. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. स्त्रीबीज माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं, म्हणून हे गणित. बरोबर एकवीस दिवसांच्या पटीत उलटत असेल आणि सोट काचेसारखा स्वच्छ असेल तर वेळ चुकतेय का किंवा शरीरातली ऊर्जा कमी पडतेय का ते बघायचं. सोट गढूळ, पिवळसर असेल तर गर्भाशयात संसर्ग आहे. पाचवं रेतन करू नका, आधी गर्भाशय तपासून घ्या. आणि तिच्या बरगड्या दुरून मोजता येत असतील तर इलाज गव्हाणीत आहे.

दगडीचं ऐका, यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण गोठ्यातलं सर्वाधिक दूध इथे गळतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. गाठी, सूज, रक्त दिसते ती उघडी दगडी. तिच्यामागे कितीतरी गायींत सुप्त दगडी असते: दूध स्वच्छ दिसतं, कास मऊ असते, आणि दूध मात्र रोज थोडं थोडं घटत जातं. ही पकडायला सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही गोठ्यातच करायची चाचणी आहे. चार खणांच्या तबकडीत चारही सडांचं दूध वेगवेगळं घ्यायचं, तेवढंच द्रावण घालायचं, गोलगोल हलवायचं. जिथे ते चिकट होऊन जेलीसारखं घट्ट होतं तो सड आजारी. निरोगी सडाच्या दुधात एका मिलिलिटरला शरीराच्या पेशी (सोमॅटिक सेल) दोन लाखांच्या खाली असतात; चिकटपणा त्या वाढल्याची खूण. दर महिन्याला प्रत्येक दुभत्या गायीची ही चाचणी करा, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या दोन गायींना त्याच सडात पुन्हा पुन्हा होतंय, त्यावरून मला वाटतं जंतू कासेच्या आत घर करून बसलेत आणि ट्यूब सोडली की तेवढ्यापुरते दबतात. अंदाजाने चौथी ट्यूब सोडण्याआधी त्या सडाचं दूध प्रयोगशाळेत पाठवून कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाला दाद देतो ते बघा. स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला तर दुभत्या काळात तो क्वचितच पूर्ण जातो. अशी गाय नेहमी सगळ्यात शेवटी पिळायची. आधी पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेल्या), मग निरोगी गायी, मग आजारी. कारण हा जंतू गोठ्यात फिरतो तो पिळणाऱ्याच्या हातांवरून आणि सगळ्यांची कास पुसणाऱ्या एकाच फडक्यावरून.

धार काढताना अंगठा मुडपून सड दाबायची सवय असेल तर ती सोडा. सडाला आतून इजा होते आणि जंतूंना वाट मिळते. पूर्ण मुठीने पिळा. सड धुऊन लगेच प्रत्येक गायीसाठी वेगळ्या, स्वच्छ कापडाने कोरडे करा. ओली कास म्हणजे सडाच्या टोकाशी जमणारं घाण पाणी. पहिल्या तीन-चार धारा काळ्या तळाच्या कपात काढून नजर टाका. मग उशीर करू नका. कासेला हात लागला की मिनिटभरात गाय पान्हा सोडते, आणि तो पाच-सात मिनिटंच टिकतो. त्याच वेळी कुत्रं भुंकलं, कुणी काठी आपटली, तर घाबरलेली गाय पान्हा अडवते आणि मागचं, सर्वात दाट दूध कासेत राहतं. शेवटी प्रत्येक सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा. सडाचं तोंड धारेनंतर अर्धा-एक तास उघडंच असतं, म्हणून चारा धारेनंतर टाका, खाण्याच्या नादात ती उभी राहील. एवढ्या एका बदलाने दगडी कमी झालेले गोठे मी स्वतः पाहिलेत.

औषध दिलेल्या गायीचं दूध औषधावर छापलेल्या मुदतीपर्यंत विकायचं नाही, घरातही प्यायचं नाही. इथे सवलत नाही.

चाऱ्याबद्दल थोडक्यात. दुधात ८७ टक्के पाणीच असतं. एक लिटर दुधामागे गायीला तीन ते पाच लिटर पाणी लागतं, आणि ते दिवसातून दोनदा बादलीने पाजून भागत नाही. पाणी अहोरात्र समोर हवं. हिरव्या चाऱ्यातही बहुतांश पाणीच, त्यामुळे ढीगभर हिरवं खाऊन गाय उपाशी राहू शकते. पोट भरतं ते सुक्या चाऱ्याने आणि मुरघासाने (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याने). आंबोण दूध बघून द्या, सगळ्या गायींना सारखं नको, आणि एका वेळी भरमसाट नको, पोटात आम्लता वाढते. परीक्षा सोपी आहे: दुपारी गोठ्यात जा, बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. शेण पातळ, फेसाळ आणि त्यात अख्खे दाणे दिसले तर आंबोण जास्त, धागेदार चारा कमी. गाय दिवसातले बारा तास बसायला हवी. बसल्यावर कासेतून रक्त जास्त फिरतं, आणि एक लिटर दूध बनायला ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून वाहावं लागतं. जागा ओली, टणक किंवा दावं आखूड असेल तर ती उभी राहते आणि दूध तिथेच कमी होतं.

वासरांचं पत्रात काही नाही, तरी एक सांगतो. वासराला पोटात आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून, येते, आणि ते दार २४ तासांत बंद होतं. जन्मानंतर दोन तासांत पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे, पहिल्या दिवसात एकूण वजनाच्या दहा टक्क्यांएवढा तरी. वार (गर्भाची नाळ-झिल्ली) पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवू नका.

पुढे कधी गाय घेतलीत, आणि एखादी चांगली गाय घ्यायला माझी ना नाही, तर सलग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः समोर उभं राहून धार बघा. चारही सडांची सीएमटी करा. सांसर्गिक गर्भपात आणि क्षयाची तपासणी झाल्याशिवाय ती तुमच्या दावणीला नको. दोन्ही रोग माणसालाही होतात. घरी आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळी बांधा. लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी वेळेवर घ्या. सांसर्गिक गर्भपाताची लस मात्र चार ते आठ महिन्यांच्या कालवडीलाच, एकदाच. आणि जुळ्यांतली, बैल-वासराबरोबर जन्मलेली कालवड कितीही देखणी असली तरी घेऊ नका, अशा दहांपैकी नऊहून अधिक वांझ निघतात.

आता पुन्हा तांबू. ती मागच्या वेळी बसली तो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी ताप नसतो. गायीचं नेहमीचं तापमान ३८.५ अंश, ही उलट थंड पडते, कान गार लागतात, मान कुशीकडे वळते. कारण असं, की गायीच्या रक्तात एका वेळी तीनेकच ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं, आणि दहा लिटर चिकात वीस ग्रॅमहून जास्त निघून जातं. हाडांतून ते काढायची यंत्रणा वेळेत जागी झाली नाही की स्नायू थांबतात. एकदा बसलेली गाय पुन्हा बसायची शक्यता जास्त, आणि तांबूचं हे पाचवं वेत, वयानेही धोका वाढतो.

म्हणून विण्याआधीचे शेवटचे तीन आठवडे तिला कॅल्शियमची औषधं पाजू नका. माणसं प्रेमाने नेमकं हेच करतात. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून काढायची सवयच सुटते. त्या काळात लसूणघासही बंद, त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही जास्त. सुका चारा, मका, भाकड गायीसाठीचं खनिज मिश्रण, आणि रोज थोडं थोडं वाढवत दोन-तीन किलोपर्यंत आंबोण, म्हणजे विल्यानंतरच्या खाण्याला पोट आधीच सरावेल. पशुवैद्यकांना तारीख आत्ताच सांगून ठेवा.

विल्यावर लगेच, ती उभी असताना आणि नीट गिळत असताना, तोंडावाटे कॅल्शियमचं जेल द्या, बारा तासांनी पुन्हा एकदा. पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, वासराला पुरेल एवढं आणि थोडं वर काढा. पाय लटपटले, कान गार वाटले, तर रात्र असली तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका. बसलीच तर आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पोती लावून छातीवर बसती ठेवा, आणि तोंडात काहीही ओतू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाईल. शिरेतलं कॅल्शियम डॉक्टरांच्याच हातून, कोमट करून, अगदी हळू. घाईने दिलं तर हृदय थांबतं. वार २४ तासांत पडली नाही तर ओढू नका, वजन बांधू नका, दाखवा.

आणि तिच्या पहिल्या चिकातून वासराचं भागून उरेल तो एक-दोन लिटर स्वच्छ बाटलीत गोठवून ठेवा. एखाद्या रात्री दुसऱ्या गायीला चीकच आला नाही, तर ती बाटली कोमट पाण्यात ठेवून, हळूहळू वितळवून तिच्या वासराला तोच पाजता येईल. व्याली की कळवा. कालवड झाली तर तेही लिहा.